शकुंतला, एकास सहा : घरच्या लेथवर वाफेचं इंजिन

(कारंजा येथे दिलेल्या व्याख्यानाचं हे संपादित शब्दांकन आहे. वक्ते आयटीआयमधून टर्नर ट्रेडचे शिल्प निदेशक म्हणून निवृत्त झाले आहेत. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



मला सांगितलं होतं की छंदावर बोला. मी म्हटलं, माझा छंद जरा आवाज करणारा आहे, घरच्यांना विचारून मग बोलवा. तरी तुम्ही बोलावलंत, त्याबद्दल आभार.

मी घराच्या मागच्या खोलीत वाफेचं रेल्वे इंजिन बनवतोय. कोळशावर चालणारं, पाणी उकळून वाफ करणारं आणि त्या वाफेवर माणसाला ओढून नेणारं इंजिन. फक्त ते खऱ्याच्या एक-सहांश मापाचं आहे. याला मॉडेल इंजिनिअरिंग म्हणतात. खेळणं आणि मॉडेल यात फरक काय, असं मला नेहमी विचारतात. खेळणं इंजिनासारखं दिसतं. हे मॉडेल इंजिनासारखं काम करतं, आणि चुकलं तर इंजिनासारखंच भाजतंही. आजच्या बोलण्याचा अर्धा भाग या दुसऱ्या गोष्टीवर आहे.

हे वेड कुठून आलं

तुमच्यापैकी चाळिशीच्या पुढचे जे आहेत, त्यांना मी नाव सांगायची गरज नाही. मूर्तिजापूरहून निघून कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जाणारी आपली शकुंतला. अडीच फुटी रुळांची, म्हणजे ७६२ मिलिमीटर गेजची नॅरोगेज. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, आणि दुसरा फाटा मूर्तिजापूर ते अचलपूर. किलिक निक्सन या इंग्रजी कंपनीने वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरापर्यंत न्यायला ही लाइन टाकली. तो कापूस पुढे मँचेस्टरला जायचा. आणि गंमत बघा, मँचेस्टरहून परत काय आलं? इंजिन. १९२१ मध्ये तिथे बनलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून या लाइनवर धावलं आणि सत्तर वर्षं धावलं. १५ एप्रिल १९९४ ला त्याची वाफ थांबली आणि डिझेल इंजिन आलं. आता तर गाडीही बंद आहे. रुळांवर गवत वाढलंय.

बाकी देशात वाफेची इंजिनं बंद पडत होती, तेव्हा आपल्याकडे ती रोजच्या कामाला होती. म्हणजे इंजिनाचा पिस्टन कसा काढायचा, बेअरिंग कसं घासून बसवायचं, बॉयलरच्या नळ्या कशा फुलवून पक्क्या करायच्या, हे हातांनी केलेली माणसं आपल्या भागात अगदी परवापर्यंत होती. काही अजून आहेत. पण ती आता म्हातारी झालीत. त्यांचं ज्ञान कागदावर नाही, हातात आहे, आणि हात गेले की तेही जातं. माझं इंजिन त्या मँचेस्टरच्या इंजिनाची हुबेहूब प्रतिकृती नाही, हे आधीच कबूल करतो. ते शकुंतलेच्या गेजचं, त्या धाटणीचं इंजिन आहे. पण ते करताना ते ज्ञान थोडं तरी माझ्या हातात उतरावं, एवढाच हेतू.

हा छंद नवा नाही. लंडनमध्ये जानेवारी १८९८ मध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी 'मॉडेल इंजिनिअर' नावाचं मासिक सुरू केलं. पोस्टमन, शिक्षक, कारकून असे लोक घरच्या शेडमध्ये पायाने चालवायच्या लेथवर इंजिनं बनवू लागले. आपल्याकडे पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे, १९९८ मध्ये ते लोकांसाठी उघडलं. तिथल्या गाड्या विजेवर धावतात, माप एकास सत्त्याऐंशीच्या घरातलं. सिग्नल, फाटक, घाट, सगळं आहे. मुलांना जरूर दाखवा. त्या मापात आपली शकुंतला करायची तर रूळ पावणेनऊ मिलिमीटर रुंदीचे येतात. त्यावर बसता मात्र येत नाही. मला बसायचं होतं.

एकास सहाचं गणित

आता माप कसं ठरलं ते सांगतो. जगभरच्या मॉडेलवाल्यांमध्ये पाच इंची रूळ हे एक रूढ माप आहे. पाच इंच म्हणजे १२७ मिलिमीटर. ७६२ ला १२७ ने भागा. बरोबर ६ येतात, शेष शून्य. शकुंतला आणि पाच इंची रूळ यांची अशी पत्रिका जुळली. खऱ्या इंजिनावर फुटाला जे असेल, ते माझ्याकडे दोन इंचाला.

पण इथे एक फसगत आहे. लांबी सहापट कमी झाली, म्हणून सगळंच सहापट कमी होत नाही. पत्र्याचं क्षेत्रफळ सहा गुणिले सहा, म्हणजे ३६ पट कमी होतं. वजन सहाचा घन, म्हणजे २१६ पट कमी होतं. समजा खरं इंजिन ३० टनांचं आहे. मॉडेल किती किलोचं? पाच टनांचं नाही. साधारण १३९ किलोचं. चार माणसं उचलतील.

याचा फायदा असा की मॉडेल आपल्या वजनाच्या मानाने फार दणकट असतं. तोटा असा की ते लवकर थंड होतं. का? कारण उष्णता पृष्ठभागातून बाहेर जाते, आणि वजनाच्या मानाने पृष्ठभाग सहापट जास्त झाला. ताटात पसरलेला भात पातेल्यातल्या भातापेक्षा लवकर निवतो, तसंच. सिलिंडर गार असताना खऱ्या इंजिनातही थोड्या वाफेचं पाणी होतं. माझ्या सिलिंडरमध्ये सुरुवातीला तिचं पाणीच होतं. आणि पाणी दबत नाही. पिस्टन आणि झाकण यांच्यात पाणी अडकलं तर झाकण उडतं किंवा दांडा वाकतो. म्हणून सिलिंडरला पाणी सोडायचे छोटे कॉक लागतात, आणि वाफ सिलिंडरमध्ये जाण्याआधी पुन्हा एकदा तापवावी लागते. धातूला माप लावून लहान करता येतं, पाण्याला आणि वाफेला नाही.

दुसरी गोष्ट चुकीची. ३० टनांच्या इंजिनात एखादा भाग थोडा सैल झाला तर ते खडखड करत चालतं. तेवढीच चूक माझ्या इंजिनात झाली तर ते चालतच नाही. इंजिन लहान झालं म्हणून माझा हात सहापट अचूक झालेला नसतो. म्हणून मॉडेल करणाऱ्याचा खरा विषय इंजिन नाही, माप आहे.

काळी माती आणि लेथ

माझा लेथ साडेचार फुटी आहे, राजकोटी बनावटीचा, पट्ट्यावर चालणारा, सेकंडहँड. ज्याने विकला तो म्हणाला, "सर, एकदम ओके आहे." मी आणला, खोलीत ठेवला, लेव्हल बॉटल लावून सरळ केला, काम सुरू केलं. फेब्रुवारीत कापलेले दांडे छान निघाले. जुलैत त्याच लेथवर दांडा निमुळता निघू लागला. एक टोक जाड, एक बारीक. शंभर मिलिमीटरमध्ये दोन-तीन थाऊचा फरक.

थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आपला मिस्त्री सुतात बोलतो. इंचात आठ सूत, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरपेक्षा जरा जास्त. एका सुतात १२५ थाऊ. माणसाचा केस साधारण तीन थाऊ जाड. म्हणजे मी एका केसाच्या फरकाबद्दल बोलतोय. खिडकीच्या गजाला हा फरक काहीच नाही. पिस्टनला मात्र एवढ्यात वाफ गळते.

मी टूल बदललं, बेअरिंग तपासलं, विकणाऱ्याला मनातल्या मनात चार शब्द ऐकवले. दोष त्याचा नव्हता, लेथचाही नव्हता. दोष माझ्या फरशीखाली होता. आपली काळी कपाशीची जमीन. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगा पडतात. आपल्या घरांच्या भिंती का उलतात? याच कारणाने. माझ्या खोलीचा एक कोपरा पावसाळ्यात केसभर वर यायचा, लेथचा एक पाय त्याच्यासोबत वर जायचा, आणि बिडाचा तो जाडजूड बेड पीळ दिलेल्या टॉवेलसारखा किंचित पिळला जायचा. बीड वाकत नाही असं आपल्याला वाटतं. वाकतं. डोळ्यांना दिसत नाही एवढंच.

ते ओळखायची एक सोपी चाचणी आहे, ती लिहून घ्या. चकमध्ये चांगला जाड, २५-३० मिलिमीटरचा दांडा धरा. दीडशे मिलिमीटर बाहेर ठेवा, मागून टेलस्टॉकचा आधार देऊ नका. दांड्याचा मधला भाग थोडा खाली घ्या, म्हणजे दोन टोकांना दोन कड्या उरतील. आता टूलचं सेटिंग अजिबात न हलवता दोन्ही कड्यांवरून अगदी हलका कट घ्या. मायक्रोमीटरने दोन्ही मोजा. सारख्या निघाल्या तर बेड सरळ आहे. बाहेरची कडी जाड निघाली, तर टेलस्टॉककडचा पुढचा पाय खाली बसलाय, त्याच्याखाली पातळ पत्री सरकवा. बारीक निघाली तर उलटं करा, मागच्या पायाखाली पत्री घाला. पुन्हा कट, पुन्हा माप. दोन-तीन फेऱ्यांत जमतं.

मी नंतर फरशी फोडली, काळी माती काढून मुरूम लागेपर्यंत खोदलं, तिथून वर काँक्रीटचा ठोकळा घेतला आणि भोवतालच्या फरशीपासून तो सुटा ठेवला. लेथच्या पायांना उंची कमी-जास्त करायचे बोल्ट लावले. तरी मृगानंतर एकदा आणि दिवाळीनंतर एकदा मी ही चाचणी करतोच. शेतकरी तिफण उतरवतो तेव्हा मी दोन कड्या कापतो.

उन्हातलं माप

आपल्याकडचं दुसरं प्रकरण म्हणजे ऊन. लोखंडाचा १०० मिलिमीटरचा तुकडा २० अंशांनी तापला तर जवळपास एका थाऊने वाढतो. पितळ त्याच्या दीडपट वाढतं. मे महिन्यात आपली पहाट आणि दुपार यात तेवढा फरक पडतो. तुम्ही म्हणाल, मायक्रोमीटरही लोखंडाचाच, तोही तेवढाच वाढेल. अगदी बरोबर. लोखंडी जॉब आणि मायक्रोमीटर एकाच तापमानाला असतील तर चूक कटते. म्हणून दोन्ही तासभर एकाच टेबलावर, सावलीत शेजारी शेजारी ठेवायचे. घोटाळा कुठे होतो? लेथवर कापून नुकताच काढलेला गरम जॉब घाईने मोजला की होतो. तो गरम असताना बरोबर येतो आणि गार झाल्यावर लहान होतो. वाया गेलेला प्रत्येक पिस्टन मी घाईत मोजलेला होता. माझी मोजायची वेळ आता पहाटेची आहे. तेव्हा वीजही असते आणि व्होल्टेजही पडलेलं नसतं.

मोजण्याच्या बाबतीत एक नाव लक्षात ठेवा, जोसेफ व्हिटवर्थ. तोही मँचेस्टरचाच. १८४० मध्ये त्याने मांडून दाखवलं की खरा सपाट पृष्ठभाग कसा करायचा. दोन प्लेट एकमेकींवर घासल्या तर एक खोलगट आणि दुसरी फुगीर होऊनही त्या एकमेकींवर बरोबर बसतात, आणि आपण फसतो. म्हणून तीन प्लेट घ्यायच्या. पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी, तिसरी पहिलीशी ताडून बघायची, आणि उंच ठिपके खरवडत जायचे. तिन्ही एकमेकींवर बसल्या तर त्या सपाट असल्याशिवाय पर्यायच नाही. सपाट वस्तू जवळ नसताना सपाट वस्तू तयार करता येते. बाजारातून अचूकता विकत आणायला पैसे नसलेल्या माणसाला यापेक्षा मोठा दिलासा नाही.

बॉयलर : माझी फजिती

आता मूळ मुद्द्यावर येतो. चाकं, सांगाडा, सिलिंडर हे सगळं चुकलं तर फक्त पैसे जातात. बॉयलर चुकला तर माणूस जातो.

माझा बॉयलर तांब्याचा आहे. नळकांडं १०० मिलिमीटर व्यासाचं, पत्रा तीन मिलिमीटर. वाफेचा दाब ठरवला साडेपाच किलो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साडेपाच किलो. गोल नळकांड्याला हा दाब काही फार नाही. खरा धोका असतो सपाट भागाला. नळकांड्याच्या सपाट झाकणाचं क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर. त्याला साडेपाचने गुणा. ४३० किलो. हातात मावणाऱ्या त्या चकतीवर आतून सव्वाचार क्विंटल सोयाबीन रेटा देतंय असं समजा. सपाट पत्रा फुगून गोल व्हायला बघतो. म्हणून समोरासमोरच्या दोन सपाट पत्र्यांना बांधणारे ताणे आत घालावे लागतात.

पहिल्या बॉयलरला मी डाख दिला कथलाचा. सोपा पडतो, साध्या बत्तीवर वितळतो. आणि जोडणीचे छोटे तुकडे पितळेचे वापरले, कारण पितळ घरात पडलं होतं. दोन्ही चुका. कथील-शिशाचा डाख १८३ अंशांना वितळू लागतो. साडेपाच किलो दाबाला बॉयलरमधलं पाणीच १६० अंशांच्या आसपास असतं. म्हणजे हातात वीस-बावीस अंश राहिले. पाणी जरा कमी पडलं, पत्रा उघडा पडला, की डाख गेला. पितळेचं दुखणं वेगळं. त्यात जस्त असतं. गरम पाणी हळूहळू ते जस्त खाऊन टाकतं आणि मागे भुसभुशीत तांबं उरतं. बाहेरून तुकडा चकचकीत, आतून पोकळ. तिथे गनमेटल नाहीतर ब्राँझच हवं.

हे मला कसं कळलं? बॉयलर फुटून नाही, देवाच्या दयेने. चाचणीत कळलं. बॉयलर पाण्याने काठोकाठ भरायचा, आत हवेचा बुडबुडाही ठेवायचा नाही. मग थंड पाण्याच्या हातपंपाने दाब चढवायचा, कामाच्या दाबाच्या दुप्पट. माझ्यासाठी ११ किलो. माझा बॉयलर चार किलोला गेला. आवाज झाला फक्त "टच्च". आणि टेबल ओलं झालं.

थंड पाणी का? हा प्रश्न परीक्षेत विचारतात आणि मुलं पाठ केलेलं उत्तर देतात. खरं उत्तर असं आहे. पाणी जवळजवळ दबत नाही, म्हणून दाबाखालच्या थंड पाण्यात ताकद साठलेली नसते. भेग पडली, दोन थेंब बाहेर आले, दाब शून्य. तेच १६० अंशांचं पाणी असेल तर? दाब सुटल्याबरोबर ते १०० अंशांच्या वर पाणी म्हणून राहूच शकत नाही. त्यातला साधारण नववा भाग एका क्षणात वाफ होतो. एका लिटर पाण्यातून सुमारे १८० लिटर वाफ, आणि तीही डोळ्यांची पापणी लवायच्या आत. चार किलोला फाटलेला तो सांधा आगीवर असताना फाटला असता, तर आज मी इथे बोलायला आलो नसतो.

दुसरा बॉयलर चांदीच्या डाखाने केला. तो साडेसहाशे अंशांच्या आसपास वितळतो. कोणाकडून शिकलो? गल्लीतल्या सोनारकाकांकडून. टाकणखार कसा लावायचा, सांध्यात फट किती ठेवायची, डाख आच जिकडे असेल तिकडे धावतो म्हणून बत्ती कुठे धरायची, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत. मी डाखाच्या कांडीवर बत्ती धरत होतो. ते म्हणाले, "सर, डाखाले नका तापवू, तांब्याले तापवा." तांब्याचा पत्रा ठोकून ठोकून कडक झाला की लालसर तापवून पाण्यात बुडवायचा म्हणजे पुन्हा मऊ पडतो, हे तांबटाच्या घरच्या पोरालाही ठाऊक असतं. मी आयटीआयमध्ये तीस वर्षं शिकवलं, आणि बॉयलर शिकलो सोनार आणि तांबटाकडून. हा बॉयलर ११ किलोला अर्धा तास ठेवला. काटा हलला नाही. दर वर्षी तो मी दीडपट दाबाला पुन्हा तपासतो आणि वहीत तारीख घालतो.

एक दुःखद गोष्ट

काही वर्षांपूर्वी शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात एका तरुणाने स्वतःच्या हाताने हेलिकॉप्टर बनवलं होतं. चाचणी घेताना पंखा निखळला आणि तो मुलगा गेला. आपल्यापैकी अनेकांनी ते वाचलं असेल. बातमीखाली लोकांनी दोन प्रकारे लिहिलं. एक म्हणे, केवढी ही हुशारी. दुसरे म्हणे, शिक्षण नाही तर कशाला असले धंदे. मला दोन्ही पटलं नाही. हुशारी होती, हिंमतही होती. त्याच्या आसपास काय नव्हतं? "आज माणूस आत बसवायचा नाही, आधी पंखा बांधून, दूर उभं राहून, दुप्पट वेगाला फिरवून बघू," असं म्हणणारे दोन-चार सोबती नव्हते.

इंग्लंडमध्ये मॉडेल इंजिनिअरांचे क्लब असतात. तिथे बॉयलर बनवणाऱ्याला स्वतःच्या बॉयलरची चाचणी स्वतः पास करता येत नाही. दुसरा सभासद काटा बघतो आणि सही करतो. आपल्याकडच्या बॉयलर कायद्यात २५ लिटरपेक्षा लहान पात्र बॉयलर मानत नाहीत. माझा बॉयलर त्याहून खूप लहान. म्हणजे माझ्याकडे कोणी निरीक्षक येणार नाही. म्हणून तर मी चाचणीच्या दिवशी माझ्या दोन जुन्या विद्यार्थ्यांना बोलावलं आणि वहीवर सही त्यांची घेतली. सरांना नापास करायला त्यांना फार आवडलं असतं, म्हणून त्यांनी नीट बघितलं.

आपल्या जिल्ह्यात हुशार हातांची कमी नाही. वेल्डिंगच्या दुकानात बसून पेरणी यंत्र, फवारणी यंत्र जुळवणारी पोरं तुम्ही रोज बघता. त्यांना कौतुकाच्या हारापेक्षा चाचणीला उभा राहणारा माणूस जास्त गरजेचा आहे.

सुरुवात कुठून करावी

घरी जाऊन लगेच रेल्वे इंजिन काढू नका. डोलणाऱ्या सिलिंडरचं छोटं इंजिन करा. त्यात सिलिंडरच स्वतः मागेपुढे झुलतो आणि झुलता झुलता वाफेचं भोक उघडतो, बंद करतो. वेगळा व्हॉल्व्ह लागत नाही. पितळेचा एक तुकडा, एक दांडा, एक चाक, एक उभी पट्टी, एवढंच. सायकलच्या पंपाने हवा दिली तरी फिरतं. बॉयलर नको, आग नको.

हत्यारं? आधी व्हाइस, दोन कानशी, गुण्या, व्हर्नियर. आमच्याकडे फिटरच्या मुलाला पहिले कित्येक दिवस कानशीने लोखंडाचा चौकोन करायला लावतात. मुलं कंटाळतात. पण जो कानशीने सपाट करू शकतो, त्याला मशीनवर काय चुकतंय ते कळतं. लेथ नंतर घ्या. आणि लेथ घेतलात तर तीन गोष्टी भिंतीवर लिहा : सैल बाह्या नकोत, हातमोजे नकोत, चकची चावी चकमध्ये ठेवून हात काढायचा नाही. तिसरी गोष्ट मी एकदा विसरलो. चावी माझ्या कानाजवळून जाऊन भिंतीत रुतली. तो खड्डा मी बुजवलेला नाही, मुद्दाम.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न (एक विद्यार्थिनी) : सर, आता कॉम्प्युटरवर डिझाइन करून थ्री-डी प्रिंट मिळते. मग हे हाताने कशाला?*

बेटा, प्रिंट जरूर वापर. मीही चाकांच्या ओतकामाचे नमुने आता प्रिंट करून घेतो, पूर्वी लाकडाचे करायचो. पण बीड गार होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून नमुना तेवढा मोठा लागतो, आणि कापायला वरून जास्तीचा धातू ठेवावा लागतो. हे कॉम्प्युटरला तू सांगशील तेव्हाच कळेल. तुला कोण सांगणार? ज्याने एकदा लहान पडलेलं चाक हातात घेतलंय तो.

*प्रश्न : खर्च किती येतो? मध्यमवर्गीय माणसाला परवडतं का?*

डोलणारं इंजिन एका सणाच्या खरेदीपेक्षा स्वस्त. रेल्वे इंजिन महाग पडतं, पण ते आठ-दहा वर्षांत थोडं थोडं होतं, एकदम पैसे लागत नाहीत. माझा अर्धा माल भंगाराच्या दुकानातला आहे. जुन्या मोटारीचे शाफ्ट उत्तम पोलादाचे असतात. फक्त बॉयलरचं तांबं आणि डाख मात्र नवं, बिल घेऊन आणलेलं. तिथे भंगार नाही.

*प्रश्न : आता इंजिन कुठपर्यंत आलंय?*

सांगाडा, चाकं, सिलिंडर जोडून झालेत. दाबाच्या हवेवर फिरतात. बॉयलर पास आहे, अजून बसवायचाय. रूळ टाकायचे आहेत. मला घाई नाही, पण एका बाबतीत आहे. वाफेच्या इंजिनावर काम केलेले जे कोणी तुमच्या घरात, शेजारात असतील, त्यांना माझ्याकडे घेऊन या, किंवा मला बोलवा. मी त्यांच्याकडून माप घेत नाही, रीत विचारतो. मी वही घेऊन येईन.

*प्रश्न (मागच्या रांगेतले एक आजोबा) : सर, हे सारं ठीक हाये. पन शिटी तशीच वाजन का?*

बाबा, हा प्रश्न खरा. तशी नाही वाजणार. शिटी म्हणजे बासरीसारखी नळी. ती सहापट आखूड केली की स्वर सहापट उंच जातो, अडीच सप्तकांहून जास्त वर. शकुंतलेचा आवाज यायच्या ऐवजी प्रेशर कुकरचा येईल. त्यावर मॉडेलवाल्यांची एक युक्ती आहे. दिसायला छोटी शिटी वर लावायची, आणि खरी लांब नळी इंजिनाच्या बाजूच्या फळीखाली आडवी लपवायची. वाफ तिच्यात सोडायची. मापाशी ही बेइमानी आहे, पण ती मी करणार आहे. नळीची लांबी किती घ्यायची ते मात्र कानानेच ठरवावं लागेल, आणि मी ती शिटी लहानपणी ऐकली, तुम्ही आयुष्यभर ऐकलीत.

तेव्हा तुम्ही या. मी नळी कापत जाईन, तुम्ही सांगा कुठे थांबायचं.